सात पन्नासला दस्तुरी नाका

नानांच्या मते सहल गुरुवारी संपते. शुक्रवारी पिशव्या भरायच्या, शनिवार-रविवार डोंगरावर भटकून यायचं, हे सगळं नंतरचं कारकुनी काम. खरी सहल गुरुवारी रात्री साडेनऊला सुरू होते. नानांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरचं प्लॅस्टिक निघतं, तिथे चार कागद चिकटवून केलेला एक मोठा कागद पसरतो, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या बसतात. पावणेबाराला काकू येऊन दिवा मालवतात. झाली सहल.

नाना आमच्याच इमारतीत, डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर राहतात. 34 वर्षं बँकेत काढली. बँक कुठली ते सांगत नाही, कारण तिची अजून नानांवर माया आहे आणि नानांची तिच्यावर. त्यांचा लौकिक एकाच गोष्टीसाठी होता. संध्याकाळची टॅली लागल्याशिवाय ते कोणाला घरी जाऊ देत नसत. एकदा सव्वापाच रुपयांच्या फरकापायी त्यांनी अख्खी शाखा रात्री साडेदहापर्यंत बसवून ठेवली होती. कोणीतरी वैतागून म्हणालं, ‘नाना, मी खिशातून देतो सव्वापाच.’ त्या गृहस्थाशी नाना पुढे दोन वर्षं बोलले नाहीत.

एखाद्या रकमेचं खातं सापडेनासं झालं की बँकेत ती तात्पुरती ‘सस्पेन्स’ला टाकतात. उद्या-परवा खुलासा होईल, मग योग्य त्या खात्यात वळवू, असा हिशेब. नानांना या सोयीचा तिटकारा होता. ‘सस्पेन्स म्हणजे माळा रे,’ ते म्हणत. ‘वर टाकलेलं कधी कोणी खाली काढलंय?’ सबंध नोकरीत स्वतःच्या सहीने त्यांनी एकही नोंद सस्पेन्सला टाकली नाही. निरोप समारंभात साहेबांनी भाषणात हे सांगितलं, तेव्हा नानांचे डोळे भरून आले होते. घड्याळ आणि शाल मिळाली तेव्हा नाही.

निवृत्तीनंतर पैसे मोजायचे उरले नाहीत, म्हणून नाना मिनिटं मोजू लागले. नियोजन आयोग 2015 साली गुंडाळला गेला, तेव्हा देशात फार थोड्या लोकांना हळहळ वाटली असेल. त्यातले एक आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात.

सहलीला जाणाऱ्यांच्या मला दोनच जाती माहीत होत्या. एक ‘चला, निघू या’ वाली. ही मंडळी चप्पल घालतानाच ठरवतात आणि बहुधा पोचतात. दुसरी ‘बघू या’ वाली. ती कुठेच पोचत नाही, पण घरी सुखाने झोपते. नाना या दोन्हींत बसत नाहीत. नानांना डोंगर आवडतो, चालायलाही आवडतं, पण डोंगराने आधी कळवलं पाहिजे.

किल्ले त्यांना मानवत नाहीत. दमछाक होते म्हणून नव्हे; सत्तरीतही नाना तीन मजले न थांबता चढतात. त्यांची तक्रार वेगळी. ‘किल्ल्याला वाट एक, माथा एक. वर जायचं, खाली यायचं. त्यात ठरवायचं काय?’ म्हणून माथेरान. माथेरान हे नियोजन करणाऱ्याला देवाने दिलेलं पंचपक्वान्नांचं ताट आहे. वर सपाटी, तिच्या कडेकडेने तीस-पस्तीस पॉइंट. बहुतेक पॉइंट बाजारपेठेपासून चालत तास-सव्वा तासाच्या आत. एकातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा तर विणकामाच्या धाग्यांसारख्या. त्यातून मोटारी दस्तुरी नाक्यावरच अडवतात, पुढे जो तो आपल्या पायांवर. अर्धा-पाऊण तासाचे छोटे छोटे फेरफटके, दोन दिवसांत दहा-बारा. ते कुठल्या क्रमाने करायचे याचे पर्याय किती निघतात, ते नानांनी एकदा मला कागदावर काढून दाखवलं. कागद संपला.

एका मुद्द्यावर मात्र त्यांचं माथेरानशी जमत नाही. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा खाली चौकला मुक्काम होता. तिथून हा साहेब सहज म्हणून डोंगर चढून वर आला, त्याला जागा आवडली आणि माथेरान वसलं, असं सांगतात. नानांना हे ‘सहज म्हणून’ खटकतं. ‘एवढा कलेक्टर माणूस! पाणी किती घेतलंन, बरोबर कोण होतं, परतायची वेळ काय ठरली होती, कशाचा पत्ता नाही.’ जणू मॅलेटसाहेबांचं टी.ए. बिल त्यांच्याकडेच मंजुरीला आलं होतं.

परवाच्या डिसेंबरातल्या सहलीला आम्ही सात जण होतो. नाना, काकू, नानांचे बदलापूरचे मेहुणे, चौथ्या मजल्यावरचं जोडपं, आणि मी व माझी बायको. गुरुवारी रात्री बैठकीला सातही जण हजर राहिलेच पाहिजेत, असा नियम आहे. मेहुणे फोनवरून हजर होते. म्हणजे फोन चालू ठेवून टीव्ही बघत होते. मधूनच मालिकेतली सासू नानांच्या वेळापत्रकावर कडाडायची.

‘चालण्याच्या वेळा कशा काढल्या ते आधी सांगतो,’ नाना म्हणाले. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक नियम बांधून दिला. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला वर आणखी एक तास. नानांच्या मुलाने इंग्लंडहून पाठवलेल्या कुठल्याशा पुस्तकात तो त्यांना सापडला आणि तेव्हापासून नेस्मिथ आमच्या इमारतीचा नववा मालक झाला. पण नाना आंधळेपणाने कोणाचं घेत नाहीत. नेस्मिथ तरण्याबांड स्कॉटिश माणसांसाठी. आपल्याला गुणक लावायला हवा. तो काढण्यासाठी आदल्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना फडके रोडवरून गणपती मंदिरापर्यंत चालवलं. आपण मागून स्टॉपवॉच घेऊन. निकाल असा: मी 1.2, चौथा मजला 1.3. मेहुणे प्रत्यक्ष आले नव्हते, त्यांना त्यांच्या पोटावरून अंदाजे 1.4. आणि महिला वर्ग सरसकट 1.9.

‘एक पूर्णांक नऊ?’ मी बायकोकडे पाहिलं. ही बाई आठ सत्तावीसची फास्ट पुलावरून धावत जाऊन पकडते. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. काकू शेंगा सोलत होत्या.

‘नियोजन सगळ्यात मागच्या माणसाप्रमाणे करायचं असतं,’ नाना खेदाने म्हणाले. ‘1.9 तर 1.9.’

मग कागदाचं वाचन झालं. दस्तुरी नाका 7.50. बाजारपेठ 8.45. नाश्ता 25 मिनिटे, त्यात हात धुणे धरलेले. खंडाळा पॉइंट. अलेक्झांडर. रामबाग, बसणे 7 मिनिटे. हनीमून पॉइंटसमोर ‘लागू नाही’ असा शेरा होता. माकडांसाठी वेगळं कलम: ‘माकडे, आकस्मिक, 10 मिनिटे’. सूर्यास्त पॉर्क्युपाइन पॉइंटवरून. त्याची वेळ नानांनी कालनिर्णयमधून घेतली होती, पण तिच्यात चार मिनिटं मिळवली होती. ‘आपण 800 मीटरवर असणार. क्षितिज खाली जातं, सूर्य उशिरा बुडतो.’ हे मी नंतर एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. बरोबर आहे म्हणाले. नानांचं हेच तर दुखणं आहे. ते चुकत नाहीत.

काकूंनी एकदाच तोंड उघडलं. ‘नेरळपासून छोट्या गाडीने जाऊ या की. लहानपणी बाबांबरोबर गेले होते.’

नानांनी समजुतीच्या सुरात आकडे मांडले. 1907 सालची गाडी, पीरभॉयांनी बांधली, इतिहास म्हणून उत्तम. पण दोन फूट रुंदीचे रूळ, 20-21 किलोमीटरची वळणं, दोन तासांवर वेळ. ताशी दहा किलोमीटरही पडत नाही. शिवाय फेऱ्या मोजक्या, तिकीट मिळेलच असं नाही. ‘टॅक्सीने दस्तुरीला अर्ध्या तासात. तिथून अमन लॉज ते माथेरान तीच गाडी धावते. तुला तेवढ्यात बसवतो.’

‘बसवा,’ काकू म्हणाल्या आणि शेंगा पुन्हा सुरू झाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा ‘बसवा’ शब्द त्यांनी कमावलाय. त्याच्या आत काय आहे ते नानांना कधी कळलेलं नाही. मलाही शनिवारी दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर गुरुवारी रात्री ‘माथेरान अंतिम’ आलं. शुक्रवारी सकाळी ‘माथेरान अंतिम सुधारित’. रात्री ‘माथेरान अंतिम सुधारित, हेच धरावे’.

शनिवारी पहाटे फलाटावर नाना हजेरी घेत उभे. कर्जत लोकल, खोपोलीही चालेल, अंबरनाथ, बदलापूर अजिबात नाही, कोणी झोपेत चढू नये. पुढून तिसरा डबा. बदलापूरला मेहुणे त्याच डब्यात, त्याच दारातून आत आले, तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. वांगणी, शेलू, नेरळ. फलाटाबाहेर वडापाव, तोही वेळेत. टॅक्सीवाला भलताच गडी निघाला. घाटातली ती अंगावर येणारी वळणं त्याने अशी काढली की चौथ्या मजल्यावरच्या वहिनी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. दस्तुरी नाक्यावर उतरलो तेव्हा घड्याळात 7.41 झाले होते.

उशीर झाला की माणसं चिडतात. नाना लवकर पोचल्यावर चिडतात, हे मला त्या दिवशी समजलं. उशिराला त्यांच्याकडे उपाय असतो. कुठली तरी सात मिनिटं कापता येतात. पण वर उरलेल्या नऊ मिनिटांचं काय करायचं? ‘कुठे घालू मी ही?’ ते खरोखर असहायपणे म्हणाले. आजूबाजूला घोडेवाले, हमाल, रिक्षावाले यांचा गिल्ला. प्रत्येकाला आम्हाला कुठेतरी न्यायचं होतं. नाना मधोमध उभे राहिले आणि बरोबर 7.50 होईपर्यंत त्यांनी आम्हाला पावत्या फाडू दिल्या नाहीत. एका घोडेवाल्याने मला हळूच विचारलं, ‘काकांना बरं नाही का?’

अमन लॉजहून काकूंना छोट्या गाडीत बसवलं. आम्ही बाकीचे रुळांच्या कडेने तांबड्या मातीतून निघालो. माथेरानची ती माती जांभ्याची. पायमोज्यात जाते, कानात जाते, परत आल्यावर आठवडाभर उशीच्या अभ्र्यावर सापडते. झाडी मात्र अशी दाट की दहा वाजताही उन्हाची फक्त नाणी पडतात. अंजनी, जांभूळ, हिरडा. नाना पुढे, गळ्यात घड्याळ, हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद. प्रत्येक पॉइंटला पोचलं की दरीकडे पाठ करून ते वेळ लिहीत.

आणि इथे ते कोडं सुरू झालं. अलेक्झांडर पॉइंटला आम्ही 14 मिनिटं आधी. रामबागला 22 मिनिटं आधी. काकू, माझी बायको आणि वहिनी, 1.9चा तो महिला वर्ग, गप्पा मारत तरातरा पुढे. मी आणि मेहुणे मागे धापा टाकत. रामबागला तिघी दगडावर ऐसपैस बसल्या, डबा उघडला, लाडू निघाले. कागदावरची सात मिनिटं झाली, नाना उठायला निघाले, काकू म्हणाल्या, ‘अजून बावीस आहेत ना तुमच्या हिशेबात?’ नानांना उत्तर नव्हतं. हिशेबात होती.

तेवढ्यात माकडाने मेहुण्यांच्या हातातला लाडू पळवला, मागे दुसरं आलं, त्याने डब्याचं झाकण नेलं. एकच गोंधळ. नानांनी शांतपणे घड्याळ पाहिलं. ‘दहा धरली होती, चारच लागली.’ आणखी सहा मिनिटं शिल्लक!

खरी हकीकत मला बायकोने दुपारी जेवताना सांगितली. फडके रोडच्या चाचणीच्या आधी काकूंनी दोघींना बोलावून चहा दिला होता. ‘हळू चाला,’ एवढंच सांगितलं होतं. ‘दुकानं बघत बघत, साड्यांना हात लावत. जितक्या रमतगमत जाल, तितकं वर बसायला मिळेल.’ वर्षानुवर्षं काकू प्रत्येक सहलीत असा एखादा तास आधीच लपवून ठेवतात. डाळीच्या डब्यात बायका पैसे ठेवत, तसा. टॅली मास्तरच्या घरात हा एवढा व्यवहार कोणत्याच वहीत नाही. मी त्यांना म्हटलं, ‘काकू, नानांना कळलं तर?’ त्या म्हणाल्या, ‘कळलं तर गुणक बदलतील. मग आम्ही गुडघे दुखवू.’

सूर्यास्ताचं काही खरं झालं नाही. पॉर्क्युपाइन पॉइंटवर पाचशे माणसं, मक्याची कणसं, कोणाच्या तरी फोनवर गाणी. समोर प्रबळगडाची काळी पाठ. सूर्य खाली उतरला आणि क्षितिजाला टेकायच्या बराच आधी धुरक्यात विरघळून गेला. बुडाला कधी हे सांगता येण्यासारखं नव्हतं. चार मिनिटांचा फरक तपासायचा राहिला. नाना रात्री लॉजवर पिठलं-भाकरी खाताना गप्प होते. मेहुण्यांनी बाजारातून, नियोजनात नसलेल्या, चामड्याच्या चपला आणल्या आणि चार पाकिटं चिक्की, तरी बोलले नाहीत.

रविवारी सकाळी शार्लोट लेक. पिसरनाथाचं दर्शन झालं, आणि तिथून इको पॉइंट, मग लुईझा. अंतर किरकोळ, गर्दी नाही. तळ्याकडून निघाल्यावर मी सहज मागे पाहिलं तर नाना नव्हते. असं आजवर झालेलं नाही. नाना मागे असतात ते फक्त स्टॉपवॉच घेऊन.

मी परत फिरलो. वाटेचं एक वळण होतं, तिथे झाडी थोडी फाटलेली. कठडा नाही, बाक नाही, पाटी नाही. तिथे नाना एका जांभळीच्या बुंध्यावर हात टेकून उभे होते. दरीकडे तोंड करून. खाली फार काही दिसत नव्हतं. एक शेत, दोन कौलं, धुराची बारीक रेघ सरळ वर येत होती. पुठ्ठा काखेत होता. मी थोडा वेळ थांबलो. मग खाकरलो.

‘बुटाची नाडी,’ नाना म्हणाले.

नानांच्या बुटांना वेलक्रो आहे. मी काही बोललो नाही.

इकोला पोचलो तेव्हा मेहुणे दरीत तोंड घालून स्वतःच्याच नावाने ओरडत होते आणि दरी त्यांना ओ देत होती. लुईझावरून प्रबळगड स्वच्छ दिसला, कलावंतिणीचा सुळकाही. पुढे सगळं कागदाप्रमाणे झालं. जेवण, हिशेब, दस्तुरी, नेरळ. लोकलला जागाही मिळाली. काकू खिडकीशी बसून डोळे मिटून हसत होत्या; बहुधा छोट्या गाडीत.

शेलू गेल्यावर नानांनी मांडीवर पुठ्ठा घेतला आणि टॅली सुरू केली. डावीकडे ठरलेली मिनिटं, उजवीकडे झालेली, खाली फरक. प्रत्येक फरकासमोर कारण: ‘टॅक्सी वेगात’, ‘माकडे, शिल्लक’, ‘महिला वर्ग, गुणक फेरतपासणी करावी’. मी चोरून वाचत होतो. रविवारची पानं आली. शार्लोट लेक, निघालो 9.12. इको पॉइंट, पोचलो 9.38. त्यातली चालण्याची 15 वजा केली. बाकी 11. नानांचं पेन तिथे थांबलं. वांगणी गेलं, बदलापूर आलं, मेहुणे चपलांची पिशवी सांभाळत उतरले, नाना हात हलवायचेही विसरले. अंबरनाथला माणसांचा लोंढा आत आला, पुठ्ठ्यावर कोणाचं तरी कोपर टेकलं, तरी ते त्या एका ओळीकडेच बघत होते.

उल्हासनगर सुटल्यावर त्यांनी लिहिलं: ‘11 मिनिटे. सस्पेन्स.’

आणि पुढे बारीक अक्षरात सही केली.